वाय-फायवर हात हलवून पंखा चालवण्याचा मेसेज : खुलासा

‘घरी वाय-फाय आहे ना? मग हे अ‍ॅप टाका. हवेत हात फिरवला की टीव्ही, दिवे, पंखा सगळं चालू-बंद!’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. खाली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा हवाला आहे.

हवाला खरा आहे, दावा नाही. २०१३ साली तिथल्या संशोधकांनी ‘वायसी’ नावाचा प्रयोग केला होता. हलत्या हातावरून परावर्तित झालेल्या वाय-फाय लहरींची वारंवारता किंचित बदलते. किती किंचित? लहर ५ गिगाहर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ५ अब्ज कंपनांची) आणि हाताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर फरक जेमतेम १७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १७ कंपनांचा. तो टिपून नऊ हावभाव सरासरी ९४ टक्के अचूक ओळखले गेले. कॅमेरा नव्हता, हातात काही धरायचंही नव्हतं. कौतुकाचंच काम!

पण त्यांच्या शोधनिबंधातच लिहिलंय की यासाठी प्रयोगशाळेतले खास रेडिओ रिसीव्हर वापरले होते. साध्या मोबाइल अ‍ॅपला वाय-फायची लहर इतक्या बारकाईने मिळतच नाही. सिग्नल किती जोरदार आहे, एवढंच कळतं. शिवाय हावभाव ओळखला तरी भिंतीवरच्या साध्या बटणाचा पंखा ऐकणार कसा? त्याला स्मार्ट स्विच, म्हणजे वायरलेस आज्ञेवर चालणारं बटण लागतं.

काही टीव्ही हाताच्या इशाऱ्यावर चालतात, ते मात्र कॅमेऱ्यामुळे.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. अनोळखी लिंकवरून अ‍ॅप घेतलं असेल तर ते काढून टाका.