बोक्याची लघवी तुंबली असताना ‘तीन दिवस गोळ्या देऊन बघा’ म्हणू नका

ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये, मांजरं पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: लघवीचा त्रास असो, पार्व्हो असो की एफआयपी (कोरोनाविषाणूमुळे मांजरांना होणारा, बऱ्याचदा पोटात पाणी साठवणारा आजार), आधी होमिओपॅथी द्या. साइड इफेक्ट नाहीत. मुक्या जनावराला मनाचे खेळ कळत नाहीत, म्हणजे गुण येतो तो औषधाचाच. व्हेट उगाच सलाईन लावून पैसे काढतात. पाठवणाऱ्यांना मांजरांची माया आहे, पण असल्या सल्ल्याने मांजरं हकनाक मरतात.

सगळ्यात घातक भाग लघवीचा. ‘कँथारिस ३० (होमिओपॅथीचं एक औषध), दिवसातून चार वेळा, तीन दिवस बघा.’ बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात खडा किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण तुंबलेला बोका उपचार न मिळाल्यास साधारण दोन-तीन दिवसांत दगावतो. म्हणजे मेसेज जे तीन दिवस बघत बसायला सांगतो, तेवढंच आयुष्य त्याच्याकडे उरलेलं असतं.

शेजारच्या विंगमधला एक बोका मी असा पाहिला आहे. लिटर ट्रेमध्ये बसायचा, कुंथायचा, ओरडायचा, उठून मागचं चाटत राहायचा. ट्रेमधली वाळू मात्र कोरडी. घरच्यांना वाटलं, बद्धकोष्ठ असेल. व्हेटनी पोट चाचपलं तर मूत्राशय कच्च्या पेरूसारखं टणक लागलं. भूल देऊन कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालावा लागला, सलाईन लावावं लागलं. ते सलाईन बिल फुगवण्यासाठी नव्हतं. पोटॅशियम उतरायला त्याने मदत होते.

आता त्या ‘३०’चं बघू. मूळ पदार्थ शंभरपट पातळ करायचा, आणि असं तीसदा. बाराव्या वेळेच्या सुमारासच मूळ पदार्थाचा रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. मग गोळीत राहते ती साखर, आणि साखरेने अडकलेला खडा सुटत नाही.

मग लोकांना गुण का येतो? कारण अडथळा नसलेली मूत्राशयाची सूज मांजरांमध्ये बहुधा आठवड्याभरात आपोआप उतरते. त्या आठवड्यात जे दिलं, त्याला श्रेय मिळतं. मांजराला गोळी कशाची हे कळत नसेल, पण फरक पडला की नाही हे ठरवणारा माणूसच असतो ना! सांधेदुखीच्या मांजरांवरच्या चाचण्यांमध्ये औषध नसलेली गोळी मिळालेल्या मांजरांचे मालकही ‘आता बरं चालते’ असं सांगतात.

साइड इफेक्टबद्दल एवढंच: साखरेची गोळी अपाय करत नाही, वाया गेलेला वेळ करतो. मदर टिंक्चर, म्हणजे पातळ करण्याआधीचं मूळ होमिओपॅथी औषध, मात्र निरुपद्रवी समजू नका. त्यात अल्कोहोल आणि खराखुरा अर्क असतो. मांजराच्या यकृताला कित्येक पदार्थांचा निचरा जमत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते.

पार्व्होत पिल्लू उलट्या-जुलाबांनी सुकत जातं, पांढऱ्या पेशी कोसळतात. विषाणूवर रामबाण औषध नाही हे कबूल. पण सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक यांच्या जोरावर पहिले चार-पाच दिवस निघाले तर पिल्लू वाचण्याची आशा बरीच वाढते. आणि हा आजार टाळणारी लस आहे, ती प्रत्येक पिल्लाला द्याच.

एफआयपीच्या बाबतीत तर मेसेज वाचून राग येतो. हा आजार म्हणजे जवळजवळ मरणच, अशी अनेक वर्षं स्थिती होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ या औषधाचा अभ्यास छापला. त्यातल्या ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ जगली. त्या अभ्यासात कोर्स किमान १२ आठवड्यांचा ठरवला होता, आणि औषध महाग आहे. तरीही जगण्याची एवढी संधी असताना पोटात पाणी झालेल्या मांजराला साखरेच्या गोळ्यांवर ठेवणं मला क्रूर वाटतं.

खर्चाची तक्रार खोटी नाही, रात्रीचं बिल तर जास्तच येतं. आधी अंदाज विचारा, हप्ते मागा, सोसायटीत वर्गणी काढा. पण बोका दोन-तीनदा ट्रेमध्ये जाऊन थेंबही न होता परतला, तर त्याचं पोट दाबून बघू नका. कॅथेटर घालायची सोय कुठे आहे ते फोनवर विचारा, त्याला कॅरिअरमध्ये घाला आणि लगेच निघा. संध्याकाळी घोडबंदरचं ट्रॅफिक धरून चला.