कापड डच, मग चित्र कुणाचं?

नमस्कार. मार्सेलिना अक्पोजोतोरवरचा लेख वाचून तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचा मुख्य आक्षेप असा: ज्या अंकारा कापडाच्या, म्हणजे मेणछपाईच्या धर्तीवर छापलेल्या रंगीबेरंगी सुती कापडाच्या, कात्रणांतून लागोसची ही चित्रकार माणसं उभी करते, ते कापड मुळात हॉलंडचं, त्यातून नायजेरियन बायकांची ओळख सांगणं हा निव्वळ देखावा. शिवाय 'नुसती चिकटवाचिकटव, याला चित्र का म्हणायचं?'

कापडाचा उगम तुम्ही सांगता तोच आहे. जावाच्या बाटिकची यंत्रावरची नक्कल डचांनी केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो माल पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. पण तिथे काय खपेल हे ठरवू लागल्या बाजारातल्या बायका. टोगोमध्ये, लोमेच्या घाऊक व्यापारी बायका या धंद्यात इतक्या गब्बर झाल्या की त्यांच्या मर्सिडीज गाड्यांवरून लोक त्यांना 'नाना बेंझ' म्हणू लागले ('नाना' हे तिथे बाईला मानाने म्हणतात). नायजेरियात लग्नकार्याला, मयताच्या विधींनाही अख्खं गणगोत एकसारखं कापड शिवून घेतं, त्याला 'असो एबी' म्हणतात. त्यामुळे शिंप्याकडे उरलेल्या तुकड्यामागे बहुधा कुणाचं तरी घर असतं. असेच तुकडे ही बाई गोळा करते.

आणि परदेशातून आलं म्हणून परकं, हा हिशेब आपण भारतीयांनी तर मुळीच मांडू नये. नायजर नदीच्या मुखाजवळचे कलाबारी लोक पिढ्यान्‌पिढ्या मद्रासचं चौकड्यांचं कापड वापरत आले आहेत. बुगुमा गावच्या बायका त्यातले निवडक धागे पात्याने कापून ओढून काढतात. चौकडी विरळ होत जाते, उरलेल्या विणीतून नवीच नक्षी उमटते. त्याला 'पेलेते बिते' म्हणतात. सूत आपल्याकडचं, पण ते वस्त्र कलाबारींचंच. मला त्यात तसूभरही शंका वाटत नाही.

आता चिकटवाचिकटवीबद्दल. तिच्या चित्रातला चेहरा लांबून सावळा, सलग दिसतो. फोटो मोठा करून बघा: गालावर ठिपके, कपाळावर कुठल्याशा पानाची कड, हनुवटीखाली जवळजवळ काळी छपाई. उजेड कुठे, सावली कुठे, हे कात्रण निवडतानाच ठरतं, कारण तयार छापात रंग कालवता येत नाही. भोवतालची खोली मात्र ॲक्रिलिकने रंगवलेली. 'डॉटर्स ऑफ इसान' (इसान हा नायजेरियातला एक समाज) या मालिकेत तिने आपल्या घरातल्या बायकांच्या पिढ्या आणि त्यांचं शिक्षण हा विषय घेतला. घरातल्या बायकांसाठी समारंभाचं कापड निवडणं मला तरी अगदी रास्त वाटतं.

'खरी आफ्रिकन कला म्हणजे लाकडी मुखवटे' हे तुमचं वाक्य मला खटकलं. आजच्या लागोसमधल्या बाईने आजच्या लागोसचं कापड वापरू नये, असा आग्रह आपण कोणत्या हक्काने धरायचा? चित्र जमलंय का, हे जरूर विचारा. काही ठिकाणी मागच्या भिंतीचा रंग मलाही सपाट वाटतो, कापडाशेजारी फिका पडतो. त्यावर तुमचं मत वाचायला मला खरंच आवडेल.