मारुतीच्या कुठपर्यंत?

मराठीत टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. ही व्यवस्था कुणाच्या सोयीसाठी झाली कोण जाणे, पण मेन रोडवरच्या दुकानात तिच्यापायी माझी पंधरा मिनिटं गेली.

"बॅटरी दाखवा."

"गाडी कोणती?"

"गाडीची नाही हो. खिशातली."

"मोबाईलची? मॉडेल सांगा."

"अहो, अंधारात लावतो ती."

"इन्व्हर्टरची होय! ती खिशात कशी मावेल, काका?"

शेवटी मी मूठ पुढे धरून अंगठ्याने हवेतलं बटण सरकवून दाखवलं. "मग टॉर्च म्हणा की," म्हणत त्याने काउंटरवर सात नग मांडले. तिथून माझा दीड महिना गेला.

गरज तशी साधी होती. मृगाच्या पहिल्याच सरीला लाईट गेली, लिफ्ट बंद पडली आणि चौथा मजला गाठताना मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तुळशीची कुंडी लाथेने उडवली. "मोबाईलला टॉर्च असतो, तो लावायचा," ही म्हणाली. असतो ना. पण एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्यात छत्री, आणि मोबाईल चार टक्क्यांवर. शिवाय टॉर्च लावायला मोबाईल उघडला की सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून पेटलेलं भांडण दिसतं, आणि माणूस जिन्यात उभा राहून तेच वाचत बसतो. मला खिशात मावणारी, दाबली की लागणारी, स्वतःचं काहीही मत नसलेली एक वस्तू हवी होती.

मी भाच्याला विचारलं. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्याला विचारायला नको होतं. तो म्हणाला, "मामा, १८६५० ची घ्या." मी खुर्चीत बसलो. एवढ्या पैशात सेकंडहँड स्कूटर येईल! नंतर कळलं, ती किंमत नव्हे, सेलचं नाव. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल. आमच्या लहानपणी सेलना 'मोठा' आणि 'पेन्सिल' एवढीच नावं होती आणि दोन्ही ट्रान्झिस्टरमध्ये सुखाने फुगून गळायचे.

मग आले लुमेन. "ही हजार लुमेनची आहे," मी आईला मोबाईलवरचा फोटो दाखवला. आई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मारुतीच्या कुठपर्यंत?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे नाशिककर ऐकून घेतो, पण त्यावरून त्याला काहीच कळत नाही. तो विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? गुडघ्याला? कमरेला? छातीला लागलं म्हटल्यावर मग तो रेनकोट घालून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पूर बघायला निघतो. दीड महिन्यात मला बॅटरीबद्दल विचारला गेलेला एवढा एकच शहाणा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी ते शोधायला गेलो आणि आणखी बुडालो. लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका दिशेला किती एकवटलाय, ते सांगतो कँडेला. पाणी तेवढंच, पण अंगणात सडा घालायचा की पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून समोरच्या भिंतीवर मारायचं, एवढाच फरक. निफाडच्या मामांना अंगठा दाबलेली लागते. त्यांच्याकडे थ्री फेज लाईट रात्रीची आली की पाणी धरायला जावं लागतं आणि शेजारच्या उसात बिबट्या असतो. खोक्यावर २०० मीटर लिहिलंय म्हणून मी त्यांना एक सुचवली. मग बारीक अक्षरातलं वाचलं : २०० मीटर म्हणजे जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो ते अंतर. बांधावर बिबट्या उभा आहे की सालगडी, हे चांदण्यात ठरवायचं. मामांनी आपली पपईएवढी जुनी बॅटरीच बरी म्हटलं.

हजार लुमेनचंही तसंच. ते टिकतात मिनिट-दोन मिनिटं. मग बॅटरी तापते आणि आपण होऊन मंद होते. तेवढ्यात माझे तीन मजलेसुद्धा चढून होत नाहीत. झगझग उघडझाप करणाराही एक प्रकार असतो. हल्लेखोराचे डोळे दिपवायला, असं दुकानदार म्हणाला. मी जिन्यात लावून पाहिली तेव्हा दिपलेला एकमेव माणूस मी होतो.

खरा घोळ घातला रंगाने. बहुतेक बॅटऱ्यांचा उजेड निळसर पांढरा, उजेडाच्या रंगाच्या मापात साधारण ६५०० केल्विनचा. त्यात सगळं जग शवागारातलं दिसतं. मला हवा होता चार हजारांच्या आसपासचा, किंचित पिवळसर, लाल ते लाल दाखवणारा. पारखायचं कसं? मी खिशात टोमॅटो घेऊन दुकानात गेलो. काउंटरखाली, अंधारात, एकेक बॅटरी टोमॅटोवर मारून पाहिली. पहिल्या पाच बॅटऱ्यांत तो कालचा वाटला, सहावीत परवाचा. हे मी तीन वेगवेगळ्या दिवशी केलं, कारण टोमॅटोही बदलून पाहायला हवा. तिसऱ्या दिवशी पोऱ्या आत ओरडला, "शेठ, टोमॅटोवाले काका आले!"

अखेर घेतली. १४५०० चा सेल, म्हणजे जाडी-लांबीने आपला पेन्सिल सेलच, आणि अडीअडचणीला साधा पेन्सिल सेलही चालतो. किंमत घरी वेगळी सांगितली आहे. इथेही तीच धरून चाला, ही वाचते.

आठवडाभराने कालिदास कलामंदिरात नाटकाला गेलो. दुसऱ्या अंकात नायकाचे वडील जातात. रंगमंचावर काळोख, सगळीकडे निःशब्द. मी गहिवरून हाताची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात बटण दाबलं गेलं. हनुवटीखालून उजेड, वर माझा गहिवरलेला चेहरा. मागच्या रांगेतलं पोर किंचाळलं. गेलेले वडीलसुद्धा मान वळवून बघताना मला दिसले.

घरी येऊन माहितीपत्रक वाचलं. लागोपाठ चारदा दाबलं की बॅटरीला कुलूप लागतं आणि पुन्हा चारदा दाबलं की उघडतं. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकलं कुणीच नाही, असं मला वाटलं.

त्यानंतर ती गळायला लागली. मी रविवारी चार्ज करायचो आणि ती पुढच्या शनिवारी रिकामी. हात न लावता! असल्या बटणाच्या बॅटऱ्या बंद असतानाही थोडी वीज खातात हे मला ठाऊक होतं, पण एवढ्याशा खाण्याने सेल संपायला महिने लागतात. भाच्याकडून मल्टिमीटर आणला. कंपनीला लिहायच्या तक्रारीचा दीड पानी मसुदा केला. बॅटरीला अलीकडे अष्टगंधाचा वास येतो, हे निरीक्षणही त्यात नोंदवलं. ॲल्युमिनियम तापल्यामुळे असावं, असा अंदाजही दिला.

श्रावणात एका रात्री जेवताना लाईट गेली. ज्या क्षणासाठी हे सगळं केलं तो क्षण! मी बॅटरी काढली, दाबली. दोनदा बारीक लुकलुकली आणि बंद. कुलूप. किती वेळा दाबायचं होतं? तीनदा? पाचदा? लांब दाबून? एव्हाना हिने मोबाईलचा टॉर्च लावून माझ्यावरच धरला होता, म्हणजे मी काय करतोय ते सगळ्यांना नीट दिसावं.

"दे इकडे," आई म्हणाली. टकटकटकटक. मग बटण दाबून धरलं आणि ताटांवर मऊ, पिवळसर उजेड पसरला.

कुणी काही बोललं नाही.

"चारदा. तूच नाही का वाचून दाखवलंस? पहाटे पोथीला लागते मला. ट्यूब लावली की सूनबाई जागी होते." मग जरा थांबून म्हणाली, "उजेड चांगला आहे हो. पांढऱ्यात अक्षरं टोचतात."

दीड महिना, तीन टोमॅटो, आणि रंगाची दाद देणारं माणूस घरातच निघालं! माझा घसा भरून आला. विचारलं, "आई, किती लुमेनवर वाचतेस गं?"

"मला काय ठाऊक. मारुतीच्या पावलापर्यंत." तिने वरणाचं भांडं पुढे ओढलं. "आणि तू ती रविवारी चार्ज करतोस, मग शनिवारी अध्याय अर्धा राहतो. तेवढं शुक्रवारी करत जा."