पहिली-दुसरीच्या वर्गात शार्क नको, या दाव्याचा प्रतिवाद

पहिली ते तिसरीच्या मुलांना शार्कविषयी काहीही शिकवू नये, असे सांगणारा एक संदेश पालकांमध्ये आणि शिक्षकांमध्ये बराच फिरतो आहे. त्यातील मांडणी थोडक्यात अशी: शार्क हा माणसांचा वैरी असून तो मैलभर अंतरावरून रक्ताचा थेंब हुंगतो, त्याच्याविषयी ऐकून मुले घाबरतात आणि पाण्याला बिचकू लागतात, त्याचे शास्त्र या वयाला झेपत नाही, आणि ज्याच्याशी आयुष्यात कधी गाठ पडणार नाही अशा प्राण्यावर वेळ घालवण्यापेक्षा डॉल्फिन किंवा कासव शिकवावे. हे शिकवायचेच असेल तर पालकांना आधी कळवावे, अशीही मागणी त्यात आहे. संदेशामागची काळजी खरी आहे आणि म्हणूनच प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर द्यायला हवे.

भीतीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. शिकवल्यामुळे भीती निर्माण होते असे म्हणताना, त्याआधी मुलाच्या मनात शार्कचे कोणतेच चित्र नव्हते, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या मुलाने शार्क खेळण्यांत, कार्टूनमध्ये, कपड्यांवर आणि मोठ्यांच्या मोबाइलवर पाहिलेला असतो, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी त्याचा जबडा उघडाच असतो. प्राण्यांची भीती या वयात सर्रास आढळते. ज्याची भीती वाटते ते सतत टाळत राहिल्याने ती भीती टिकते, आणि विश्वासातल्या माणसाच्या सोबतीने हळूहळू ओळख करून घेतल्याने ती ओसरते, हे मानसशास्त्रात चांगले प्रस्थापित झालेले आहे. शाळेने मौन पाळले तर मुलाजवळ उरतो तो फक्त उघडा जबडा. अर्थात, एखाद्या शिक्षकाने तासाची सुरुवातच हल्ल्याच्या चित्रफितीने केली, तर मुले घाबरतील आणि त्या तासापुरता हा संदेश बरोबर ठरेल. तो दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. विषय बदलल्याने तो जाणार नाही.

आता ‘माणसांचा वैरी’ या वर्णनाकडे वळू. शार्कच्या 500 हून अधिक जाती आज ज्ञात आहेत आणि माणसाला झालेल्या गंभीर चाव्यांपैकी बहुतेक ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल या तीनच जातींच्या नावावर आहेत. फ्लोरिडातील नैसर्गिक इतिहास संग्रहालयात ‘इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल’ नावाची जागतिक नोंद ठेवली जाते. तिच्यानुसार, माणसाने कोणतीही आगळीक केलेली नसताना शार्क चावल्याच्या घटना 2023 मध्ये जगभरात 69 होत्या, तर 2024 मध्ये 47. त्यांत मृत्यू अनुक्रमे 10 आणि 4. याच्या उलट बाजूचा आकडा मात्र संदेशात कुठेही नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाकडून वर्षाला सुमारे 10 कोटी शार्क मारले जात असल्याचा अंदाज होता, आणि 2024 च्या अभ्यासाने मासेमारीत मरणाऱ्या शार्कची 2019 मधील संख्या किमान 8 कोटी ठरवली. वैर म्हणायचेच असेल तर ते कोणत्या दिशेने चालले आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

रक्ताच्या थेंबाची गोष्टही खरी नाही. शार्कचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण आहे. पण वास पाण्यातून प्रवाहाबरोबर पसरत जातो आणि पसरताना विरळ होतो, त्यामुळे एका थेंबाचा माग मैलभरावरून लागणे शक्य नाही. काही शार्क जातींवर केलेल्या प्रयोगांत अमिनो आम्ले, म्हणजे भक्ष्याच्या वासातील प्रथिनांचे घटक, हुंगून ओळखण्याची त्यांची क्षमता साधारणपणे इतर माशांएवढीच आढळली.

इथे दुसऱ्या टोकालाही विरोध नोंदवणे मला आवश्यक वाटते. या संदेशाला उत्तर देताना अनेक जण ‘शार्क कधीच कोणाला चावत नाही, तो आपला मित्र आहे’ असे मुलांना सांगायला निघतात. हे असत्य आहे, आणि ज्या दिवशी मुलाला खरी बातमी कळेल त्या दिवशी त्याचा शिक्षकांवरचा विश्वास उडेल. ‘शार्क मला खाईल का?’ असे मुलाने विचारले तर सरळ उत्तर द्यावे: बहुतेक शार्क माणसापासून दूरच राहतात, काही मोठे शार्क क्वचित चावतात आणि त्याने गंभीर दुखापत होऊ शकते, म्हणून समुद्रात मोठ्या माणसांसोबतच उतरायचे, जीवरक्षक असतील तिथेच पोहायचे आणि त्यांनी मनाई केली तर पाण्यात जायचे नाही. सहा वर्षांचे मूल एवढे सहज समजू शकते.

हा विषय या वयाला झेपत नाही, हा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो, कारण या वयाला इतका जुळणारा प्राणी शोधूनही सापडणे कठीण. पहिली-दुसरीत मुलांचे दुधाचे दात पडत असतात. शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगा एकामागे एक तयार असतात, पुढचा दात पडला की मागचा त्याच्या जागी येतो, आणि हे आयुष्यभर चालू राहते, हे ऐकल्यावर दात पडलेले प्रत्येक मूल आपल्या हिरडीवरून जीभ फिरवून पाहते. शार्कच्या सांगाड्यात हाडे नसतात, तो कूर्चेचा बनलेला असतो. कूर्चा म्हणजे काय हे सांगायला स्वतःच्या कानाची पाळ वगळता वरचा भाग वाकवून पाहणे पुरेसे आहे. त्याच्या त्वचेवर दातांसारख्याच घडणीचे बारीक खवले असतात, त्यामुळे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते आणि उलट फिरवला तर खरखरीत. आकारमान शिकवायचे तर ड्वार्फ लँटर्न शार्क सुमारे 20 सेंटिमीटरचा, म्हणजे मुलाच्या पट्टीच्या मापात मावणारा, आणि व्हेल शार्क 12 मीटरहूनही लांब, ज्याच्यासाठी मैदानावर खडूने रेघ ओढावी लागेल. एवढा प्रचंड मासा मुख्यतः प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि लहान मासे गाळून खातो, हे मुलांना पटवून द्यावे लागते, आणि त्या पटवण्यातच शिक्षण होते.

‘पोहणे थांबले की शार्क मरतो’ हे वाक्य अनेक बालपुस्तकांत सापडते. ते काही जातींनाच लागू आहे. नर्स शार्क समुद्रतळावर स्वस्थ पडून तोंडाने पाणी आत ओढत कल्ल्यांवरून सोडतो. ग्रीनलंड शार्कच्या वयाची गोष्ट तर मुलांना शास्त्र कसे चालते हेच दाखवते. डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधी तयार होतो आणि पुढे बदलत नाही. 2016 मध्ये संशोधकांनी त्या गाभ्यातील कार्बन तपासून सर्वांत मोठ्या मादीचे वय किमान 272 वर्षे असल्याचा निष्कर्ष काढला. विद्युत्संवेदना, म्हणजे इतर जीवांची क्षीण वीज जाणण्याची शार्कची क्षमता, किंवा उत्क्रांती मात्र वरच्या इयत्तांसाठी ठेवावी. विषयाचा काही भाग कठीण आहे म्हणून सगळा विषयच वर्ज्य करायचा, हा न्याय आपण गणिताला लावत नाही.

शार्कऐवजी डॉल्फिन शिकवा, या सूचनेतील ‘ऐवजी’ मला खटकते. दोघांना शेजारी ठेवले तरच खरा धडा होतो. शार्क मासा आहे, कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिन सस्तन आहे, हवा घेण्यासाठी वर येतो, त्याची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. डॉल्फिनही शिकारीच आहे. आपल्याला गोजिरवाणे वाटतील तेवढेच प्राणी वर्गात आणले, तर जगण्याचा हक्क आवडीवर ठरतो असे मूल शिकते, आणि शार्कच्या बाबतीत तसे शिकण्याची किंमत मोठी आहे. बहुतेक शार्क उशिरा वयात येतात आणि त्यांना पिल्ले कमी होतात, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार काळ लागतो. खुल्या समुद्रातील शार्क आणि पाकट यांची संख्या 1970 पासून 2018 पर्यंत 71 टक्क्यांनी घटल्याचे 2021 मधील अभ्यासात दिसून आले.

आयुष्यात गाठ पडणार नाही, या मुद्द्याला डायनासोर आणि शनीची कडी एवढेच उत्तर पुरे.

पालकांना आधी कळवण्याची मागणी मात्र मला पूर्ण मान्य आहे. एखाद्या मुलाला पाण्याची किंवा प्राण्यांची तीव्र भीती असेल, तर ते शिक्षकांना आधीच माहीत असावे. अशा मुलाची ओळख लहानशा लँटर्न शार्कच्या किंवा शार्कच्या अंड्याच्या चित्रापासून करून द्यावी, मोठ्या शार्कची छायाचित्रे लगेच दाखवू नयेत, आणि त्याला नको वाटेल तेव्हा वर्गातच दुसरे काम हाती घेण्याची मुभा असावी.