ह्युमिडिफायरच्या टाकीत जंतुनाशक? अजिबात नको!

‘कोरडी हवा बाळाच्या फुफ्फुसांची शत्रू’ अशा मथळ्याचा एक मेसेज फिरतोय. तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. घरात चार महिन्यांचं बाळ, म्हणून ती जंतुनाशकाची बाटली हातात घेऊनच मला फोनवर विचारत होती, ‘‘ताई, किती टाकू?’’

मेसेजमधले सल्ले असे: ह्युमिडिफायरच्या, म्हणजे खोलीतल्या हवेत ओलावा सोडणाऱ्या मशीनच्या, टाकीत झाकणभर जंतुनाशक टाका, मग मशीन धुवायला नको. निलगिरीचं तेल घाला. पाणी उकळून भरा. दारं-खिडक्या लावून रात्रभर चालू ठेवा, ओलावा जितका जास्त तितका चांगला.

पहिला सल्ला जीवघेणा आहे, आणि हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. दक्षिण कोरियात नेमकं हेच घडलंय. तिथे 1994 पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळायची जंतुनाशकं दुकानात उघड विकली जात होती. काहींवर तर ‘मुलांसाठीही सुरक्षित’ असं छापलेलं होतं. 2011 मध्ये गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुफ्फुसांच्या अनाकलनीय आजाराने दवाखान्यात येऊ लागल्या, तेव्हा तपास झाला आणि बोट या बाटल्यांकडे गेलं. त्याच वर्षी त्या बाजारातून काढल्या. सरकारने मान्य केलेल्या मृत्यूंचा आकडा पुढे हजारावर गेला. त्या बाटल्यांतलं पीएचएमजी हे जंतुनाशक रसायन त्वचेला फारसं त्रासदायक मानलं जात नव्हतं. पण श्वासातून गेलं तर काय होतं, हे विकण्याआधी नीट तपासलंच नव्हतं. फरशी पुसायला चालतं ते तुषार होऊन रात्रभर बाळाच्या छातीत गेलं तरी चालेल, हा तर्क कोणाच्या डोक्यातून निघतो?

जंतुनाशक वापरायचंच तर मशीन बंद करून, टाकी धुवायला, आणि नंतर ती स्वच्छ पाण्याने चांगली खळखळून घ्यायची. बाकी रोजचं काम कंटाळवाणं आहे: उरलेलं पाणी ओतून द्या, टाकी पुसून कोरडी करा, ताजं पाणी भरा आणि दर तिसऱ्या दिवशी नीट घासा. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात, आणि अल्ट्रासॉनिक मशीन (म्हणजे कंपनांनी पाण्याचे तुषार करणारा ह्युमिडिफायर) ते तुषारांबरोबर खोलीभर उडवतं.

तेलाचं एका वाक्यात: मशीन त्यासाठी बनवलेलं नसेल तर घालू नका, आणि तान्ह्या बाळाच्या खोलीत तर कुठल्याच मशीनमध्ये नको.

उकळलेल्या पाण्याबद्दल अर्धं खरं आहे. जंतू मरतात, कबूल. पण क्षार तसेच राहतात, आणि अल्ट्रासॉनिक मशीनच्या आसपास फर्निचरवर जी पांढरी भुकटी बसते ती त्यांचीच. त्यासाठी डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी लागतं.

कोरड्या हवेने नाक-घसा सुकतो, ओठ फुटतात, हेही खरंच. मेसेजवाल्याला एवढं श्रेय देते. पण ‘जितका जास्त तितका चांगला’? अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए घरातली आर्द्रता 30 ते 50 टक्के ठेवायला सांगते. त्यावर गेलं की धुळीतल्या माइट्सचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांचं, फावतं, आणखी वाढलं की भिंतींना बुरशी धरते. दमा असणाऱ्याला दोन्ही वाईट. साधा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, खोलीत ठेवा आणि आकडा बघून मशीन लावा. तो नसेल तर खिडकीच्या काचेवर आतून पाणी धरायला लागलं की मशीन बंद करून दार उघडा.