काचेची बाथरूम आणि पाच तारे

आईला सत्तरीनिमित्त दोन रात्री पंचतारांकित थाट दाखवायचा, हे वर्षभर डोक्यात होतं. दाखवला एकदाचा. (हॉटेलचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

लॉबी झकास. झुंबर, मंद सुगंध, आवाज न करणारे दरवाजे. फोटोत होतं ते सगळं होतं.

खोलीत शिरलो आणि समोर बाथरूम दिसली. म्हणजे अख्खीच दिसली. पलंग आणि बाथरूम यांच्यामध्ये काचेची भिंत. पडदा होता, पण त्याचं बटण पलंगाच्या उशाशी. म्हणजे आतल्या माणसाची लाज बाहेरच्याच्या हातात! आई दारातच थबकली. "अरे, हे काय रे?" त्यानंतर ती आंघोळीला गेली की मी खाली लॉबीत. त्या महागड्या सोफ्याचा पुरेपूर वापर करणारा बहुधा मीच.

बरं, आंघोळ तरी सुखाची? शॉवर टबातच. टबाचा काठ गुडघ्याच्याही वर आणि धरायला साधी दांडी नाही. आईचे गुडघे आधीच कुरकुरणारे. रिसेप्शनला सांगितलं की बसायला काहीतरी पाठवा. आलं ते मखमली गादीचं स्टूल! पाण्यात ठेवायला! शेवटी हाऊसकीपिंगच्या ताईंनी त्यांचं स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि आईचा हात धरून तिला आत उतरवलं. दोन दिवसांत कोणी मनापासून काही केलं असेल, तर ते त्या बाईंनी.

आता गरम पाणी. सकाळी नळ सोडला, थंडगार. फोन केला तर उत्तर, "पाच-सात मिनिटं सोडून ठेवा सर, येईल." आलंही. मोठ्या इमारतीत गरम पाणी पाइपातून सतत फिरतं ठेवायला परतीची वेगळी लाइन आणि पंप लागतो. ती सोय नसेल किंवा पंप बंद असेल, तर पाइपातलं पाणी रात्रभरात गार होतं आणि सकाळी तेवढं सगळं वाहून जाईपर्यंत आपण नळाखाली हात धरून उभे. आणि हे पाणी गटारात जात असताना समोर बेसिनवर छान कार्ड उभं : 'पृथ्वीसाठी पाणी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.'

टॉवेल तर आम्ही वापरलेच. एक एसीखाली अंथरला, कारण तिथून थेंब थेंब गळत होतं.

घरी आल्यावर चिडून शोधलं की हे तारे देतं तरी कोण. तर जगभर लागू होईल असा एकच नियम नाहीच. युरोपातल्या काही देशांनी २००९ मध्ये हॉटेलस्टार्स युनियन काढून सामाईक निकष ठरवले. कुठे सरकार तारे देतं, कुठे हॉटेलवाल्यांची संघटना, आणि बुकिंगच्या काही साइटवर हॉटेलनं स्वतःच सांगितलेले तारे झळकतात. दुबईच्या बुर्ज अल अरबला लोक सर्रास 'सेव्हन स्टार' म्हणतात, पण तशी अधिकृत श्रेणीच नाही. हॉटेलांना तारे देणाऱ्या फोर्ब्स ट्रॅव्हल गाइडचे तपासनीस निदान ओळख न सांगता राहून जातात आणि सेवेला जास्त वजन देतात. एरवी निकषांच्या याद्यांमध्ये मुख्यतः वस्तू मोजतात. टब आहे? आहे. टिक. त्यात माणूस उतरतो कसा, हे आमच्या हॉटेलात तरी कोणी विचारलेलं दिसलं नाही.

रिसेप्शनवरच्या मुलाला मात्र मी एक शब्द बोललो नाही. बिचारा रात्रीही तोच, सकाळीही तोच. शर्टाची इस्त्री तेवढी शाबूत होती.

आता पुढच्या महिन्यात पुन्हा कुठेतरी जायचंय. काल एका हॉटेलला फोन केला आणि तीनच गोष्टी विचारल्या. बाथरूमला भिंत आहे का? शॉवर टबाबाहेर आहे का? धरायला दांडी आहे का? पलीकडे बराच वेळ शांतता.

"बघून सांगतो सर. पण आमचा पूल इन्फिनिटी आहे."