पाळी गेल्यावर वाढणारी गाठ
लेखात गर्भाशयाच्या सार्कोमाबद्दल, म्हणजे गर्भाशयाच्या एका दुर्मीळ कॅन्सरबद्दल वाचलं आणि मावशीच आठवली, तिलाही आधी साधा फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली गाठ) आहे असंच सांगितलेलं, पण पाळी जाऊन चार वर्षं झाली तरी गाठ वाढतच होती आणि परत ब्लीडिंग सुरू झालं तेव्हा कुठे शंका आली. हा सार्कोमा बहुतेक वेळा गर्भाशयाच्या स्नायूत होतो म्हणून पॅप स्मिअरमध्ये (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) सहसा सापडत नाही. लेखात एक राहिलंच, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गाठीचे तुकडे करून काढतात त्यात सार्कोमा लपलेला असेल तर पेशी पोटात पसरू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१४ मध्येच हा इशारा दिलाय, फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण ३५० बायकांत एकीला सार्कोमा निघतो असा त्यांचा अंदाज होता. प्लीज, गाठ कशी काढणार ते डॉक्टरांना आधीच विचारा, आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.